पंखा फिरताना दिसला पाहिजे: लढाऊ आणि जुन्या विमानांचे फोटो काढताना

एअर शोच्या फोटोंमध्ये एक चूक सगळ्यात जास्त दिसते. विमान वेगात जातं म्हणून शटर १/२००० वर, म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरतंच उघडेल असं, लावलेलं असतं. फोटो रेखीव येतो, अक्षरं वाचता येतात, पण हेलिकॉप्टरची सगळी पाती जागच्या जागी गोठलेली असतात आणि यंत्र दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. जेट विमानाला हाच वेग अगदी बरोबर ठरतो. म्हणजे विमान किती वेगाने चाललंय यापेक्षा त्याच्यावर काय फिरतंय, हे शटर ठरवताना आधी बघावं लागतं.

नागपूरकरांच्या हे उपयोगाचं आहे. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथेच वायुसेनानगरात आहे आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एअर फेस्टही झाला. अशा कार्यक्रमात प्रत्येक कसरत काही मिनिटांत संपते आणि पुन्हा होत नाही. मैदानात उभं राहून सेटिंग शोधायला वेळ मिळत नाही, त्यामुळे आकडे घरूनच ठरवून जायचे.

पात्यांचा हिशोब

पंख्याचे दर मिनिटाचे फेरे घ्या, त्यांना ६ ने गुणा आणि शटरच्या खालच्या आकड्याने भागा. शटर उघडं असताना पातं किती अंश फिरलं ते कळतं. विमानाच्या पंख्याला ४० ते ६० अंश मिळाले की फिरण्याचा भास चांगला येतो.

डाकोटा हे जुनं मालवाहू विमान घ्या. वायुसेनेच्या व्हिंटेज ताफ्यात २०१८ साली आलेलं 'परशुराम' हे डाकोटाच. त्याच्या इंजिनात १६ ला ९ या प्रमाणाचा गिअर असतो, म्हणून पंखा इंजिनापेक्षा बराच हळू फिरतो. इंजिन २०५० फेऱ्यांवर असेल तर पंखा साधारण ११५० वर. ११५० गुणिले ६ म्हणजे ६९००. शटर १/१००० असेल तर पातं जेमतेम ७ अंश सरकतं, म्हणजे थांबल्यासारखंच. १/१६० ला ४३ अंश, १/१२५ ला ५५. इथे फोटो जिवंत होतो. तीन पात्यांचं पूर्ण चक्र भरायचं तर १२० अंश हवेत, म्हणजे १/६०. तो फोटो फार सुंदर दिसतो आणि फार क्वचित साधतो.

टायगर मॉथ या जुन्या प्रशिक्षण विमानाच्या इंजिनाला असा गिअर नाही, पंखा थेट इंजिनाच्या दांड्यावर बसतो. २००० फेरे धरले तर १/२५० लाच ४८ अंश मिळतात. म्हणजे वयाने मोठ्या, हळू उडणाऱ्या टायगर मॉथला डाकोटापेक्षा जलद शटर चालतं. अंदाजाने सेटिंग लावणारे नेमके इथे फसतात.

हेलिकॉप्टरला सगळ्यात कमी, म्हणजे जास्त वेळ उघडं राहणारं, शटर लागतं. वायुसेनेच्या सारंग या कसरत चमूच्या ध्रुव हेलिकॉप्टरचा मुख्य पंखा मिनिटाला तीनशेच्या थोडा वर फिरतो. १/१२५ ला सुमारे १५ अंश मिळतात. हे कमी वाटेल, पण पातं साडेसहा मीटर लांब आहे. तेवढ्या वेळात त्याचं टोक दीड मीटरहून जास्त सरकतं, त्यामुळे टोकाकडे चांगला धूसरपणा येतो. हात स्थिर असेल तर १/६० वर जा, ३० अंश मिळतील. एमआय-१७ चा पंखा त्याहून संथ, मिनिटाला १९२ फेरे. १/१२५ ला तिथे फक्त ९ अंश हाती लागतात. १/८० किंवा १/६० शिवाय तो फिरताना दिसत नाही.

जेटमध्ये बाहेर फिरणारं काही दिसतच नाही. सूर्यकिरण या वायुसेनेच्या कसरत चमूची हॉक, सुखोई-३०, तेजस, राफेल यांना १/१६०० किंवा १/२००० बिनधास्त लावा.

कमी शटरची किंमत

१/१२५ वर उडतं विमान टिपायचं तर कॅमेरा विमानाबरोबर वळवावा लागतो. किती अचूक? ताशी २५० किलोमीटरने ३०० मीटरवरून जाणारं विमान तुमच्या डोळ्यासमोर सेकंदाला सुमारे १३ अंश सरकतं. २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ४०० मिमी लेन्स असेल, आणि कॅमेरा स्थिर धरला, तर १/१२५ सेकंदात विमान फोटोवर जवळजवळ १९० पिक्सेल फराटतं. वळताना तुमचा वेग दहा टक्के चुकला तरी १९ पिक्सेलचा धूसरपणा उरतो. एक-दोन टक्क्यांत जुळलं तरच अक्षरं वाचता येतात. म्हणून १/१२५ वर दहातले दोन फोटो रेखीव आले तरी हात चांगला बसला असं समजा, आणि १/६० वर त्याहून कमीची अपेक्षा ठेवा.

उभं राहायची एक रीत आहे. पावलं विमान जिथे सगळ्यात जवळ येणार त्या दिशेला ठेवा आणि कमरेतून मागे वळून ते येताना पकडा. ते जवळ येईल तसं शरीर सैल होत जातं आणि ऐन क्षणी पीळ उरत नाही. बहुतेक लोक उलटं करतात: येणाऱ्या विमानाकडे पावलं, मग ते समोर आलं की कंबर अडकते आणि हात झटका देतो. कोपर छातीला टेकलेलं, डावा हात लेन्सखाली, आणि बटण दाबून झाल्यावरही वळणं थांबवायचं नाही.

लेन्समधली स्थिरता-यंत्रणा नेहमीच्या मोडवर ठेवली तर ती तुमचं वळणंच रोखायला बघते. वळण्यासाठीचा वेगळा मोड असतो, कॅननवर मोड २, निकॉनवर स्पोर्ट. तो लावा.

सरावाला एअर शोची वाट बघायची गरज नाही. वर्धा रोडवरून धावणारी मेट्रो १/६० ला, रस्त्यावरच्या गाड्या १/६० ला, फुटाळा तलावावर घिरट्या घालणाऱ्या घारी १/२५० ला. महिनाभर रोज थोडा वेळ दिला की हात बसतो.

आणखी एक अडचण आधीच सोडवून ठेवा. नागपूरच्या स्वच्छ उन्हात १/१२५ लावलं की आयएसओ १०० वरसुद्धा छिद्र एफ/१४ पर्यंत बंद करावं लागतं. तिथे फोटोची धार बोथट होते आणि सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण निळ्या आकाशात काळा ठिपका म्हणून उमटतो. उपाय स्वस्त आहे: दोन स्टॉपचा, म्हणजे प्रकाश चौथाईवर आणणारा, एनडी फिल्टर. तो लावला की एफ/७.१ वर येता. आणि शोला निघण्याआधी सेन्सर साफ करून घ्याच.

वाकलेली पाती

मिररलेस कॅमेऱ्यात आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं. ते लावून काढलेल्या फोटोत पंख्याची पाती केळीसारखी वाकडी येतात, कधी पंख्यापासून तुटून हवेत तरंगतात. लेन्स खराब नसते. सेन्सर चित्र एकदम वाचत नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचतो, आणि साध्या सेन्सरला त्यासाठी १/२० ते १/६० सेकंद लागू शकतो. तेवढ्यात पातं पुढे गेलेलं असतं, म्हणून प्रत्येक ओळीत ते वेगळ्या जागी नोंदलं जातं. शटर १/४००० केलं तरी हा दोष जात नाही, कारण अडचण वाचण्याच्या वेळेची आहे. पंखा असलेल्या कोणत्याही विमानासाठी मेकॅनिकल शटर वापरा. महागड्या स्टॅक्ड सेन्सरच्या कॅमेऱ्यांत वाचन इतकं जलद असतं की दोष जवळजवळ दिसत नाही. मोबाइलमध्ये मेकॅनिकल शटरच नसतं. त्याने हेलिकॉप्टर काढलं की पाती वाकणारच.

लेन्स किती मोठी

हॉक साडेबारा मीटरच्या आत लांब आहे. ५०० मीटरवर ४०० मिमी लेन्सने ते सेन्सरवर सुमारे १० मिमी येतं. एपीएस-सी कॅमेऱ्यात चौकटीची ४२ टक्के रुंदी, फुलफ्रेममध्ये २८. त्याच अंतरावर जवळपास २२ मीटर लांबीचं सुखोई-३० एपीएस-सी चौकटीची तीन चतुर्थांश रुंदी व्यापतं. म्हणून एकट्या विमानासाठी १००-४०० किंवा १५०-६०० मिमी झूम. पण सूर्यकिरणची नऊ विमानं एकत्र येतात तेव्हा हीच लेन्स अडचण होते, कारण धुराच्या रेषा चौकटीबाहेर जातात आणि रचनेचा अर्थच हरवतो. त्यासाठी ७०-२०० किंवा त्याहून लहान. दोन कॅमेरे नसतील तर कार्यक्रमपत्रिकेत नऊ विमानांची कसरत कधी आहे ते बघून आधीच लेन्स बदला. धुळीत, ऐन कसरतीत लेन्स काढू नका.

समोरासमोर येऊन एकमेकांना ओलांडणारी दोन विमानं हा नशिबाचा भाग वाटतो, पण त्यालाही हिशोब आहे. दोन्ही सेकंदाला १५० मीटरने येत असतील तर अंतर सेकंदाला ३०० मीटरने मिटतं. कॅमेरा सेकंदाला १० फोटो काढत असेल तर दोन फोटोंमध्ये ते ३० मीटर बदलतं. साडेबारा मीटरची दोन विमानं एकमेकांवर येण्याचा काळ मात्र फक्त ०.०८ सेकंद. म्हणजे पाचातल्या चार वेळा एखादा फोटो सापडावा, अट एवढीच की तुम्ही बटण वेळेत दाबलेलं असावं. एका विमानाला चौकटीत धरून चला, दुसरा डोळा उघडा ठेवून समोरून येणारं बघा आणि ते चौकटीच्या कडेला पोहोचण्याआधीच बटण दाबा. आत शिरलेलं बघून दाबलं तर उशीर झालेला असतो.

फोकस सतत जुळवणाऱ्या मोडवर, आणि बिंदूंचा एक छोटा गट. संपूर्ण चौकट दिली तर कॅमेरा कधीकधी धुरावर जाऊन बसतो. रिकाम्या आकाशात लेन्स भरकटते, म्हणून विमान येण्याआधी दूरच्या इमारतीवर किंवा झाडावर फोकस करून ठेवा आणि लेन्सवरचं अंतर-मर्यादेचं बटण दूरच्या पट्ट्यावर लावा.

नागपूरचं ऊन आणि हवा

आकाश उजळ, विमान काळं: ऑटोवर ठेवलेल्या कॅमेऱ्याचं ठरलेलं फळ. आकाश पांढुरकं असेल तर एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉप वाढवा, गडद निळं असेल तर ०.३ पुरे. सूर्य पाठीशी असेल तर त्याहून बरं म्हणजे मॅन्युअल: आयएसओ ४००, एफ/८, १/१६००. विमान निळ्या आकाशावर असो की ढगावर, त्याच्यावर पडणारं ऊन तेच असतं, त्यामुळे हा आकडा हलत नाही. पांढरा धूर जळतोय का, एवढं मात्र हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, बघत राहा.

नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य दुपारी १२ च्या सुमारास दक्षिणेला ५० अंशांवर असतो, ३ वाजता ३० अंशांवर आणि ४ वाजता १९ वर. दुपारी १२ ला विमानाचं पोट काळं पडतं; ३ नंतर बाजू आणि पोट दोन्ही उजळतात, रंग खुलतात. सूर्य दिवसभर दक्षिणेकडेच असल्यामुळे निवड असेल तर मैदानाच्या दक्षिण बाजूला, उत्तरेकडे तोंड करून बसा. जागा उलटी मिळाली तर तपशिलाचा हट्ट सोडा आणि धुरासकट काळ्या आकृत्या काढा.

खरा शत्रू तापलेली जमीन. धावपट्टीवरून वर येणारी गरम हवा प्रकाश वाकवते आणि दूरचं विमान पाण्यातून बघितल्यासारखं थरथरतं. लोक याला फोकसचा दोष समजतात, लेन्स दुरुस्तीला देतात. हे कोणत्याही सेटिंगने किंवा सॉफ्टवेअरने नीट होत नाही, आणि लेन्स जितकी लांब तितकं ते जास्त दिसतं. नोव्हेंबरातही सकाळी १० नंतर डांबरावर हे सुरू होतं. त्यामुळे जमिनीवर धावणाऱ्या विमानाचे फोटो सकाळी लवकर उरका. दुपारी फक्त उंचावरची विमानं काढा, तिथे थरथर कमी असते. उन्हात तापलेल्या गाडीच्या खिडकीतून किंवा टपावरूनही काढू नका. तीच गरम हवा लेन्ससमोर येते.

परदेशी फोटोंत लढाऊ विमानाच्या पंखांवर बाष्पाचा पांढरा पदर दिसतो. त्याला दमट हवा लागते. नोव्हेंबरातल्या आपल्या कोरड्या हवेत तो क्वचितच येईल, त्याची वाट बघत चांगले क्षण घालवू नका.

पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर, उडत्या विमानासाठी घरीच ठेवा. दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, वळताना आकाशाचा रंग बदलतो, आणि कॉकपिटवरच्या प्लास्टिकच्या घुमटात इंद्रधनुषी पट्टे उमटवतो.

संग्रहालयात

मिग-२१ वायुसेनेत १९६३ साली आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निवृत्त झालं. यापुढे ते उभं असतानाच भेटणार. दिल्लीला पालमचं वायुसेना संग्रहालय, बेंगळुरूला एचएएलचं, गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचं, विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर टीयू-१४२ हे नौदलाचं टेहळणी विमान, चंडीगडला २०२३ मध्ये सुरू झालेलं वायुसेना वारसा केंद्र. यातलं दिल्लीचं संग्रहालय नागपूरहून एका रात्रीच्या रेल्वेत येतं.

उभ्या विमानाचा फोटो सोपा वाटतो आणि तिथेच सर्वात कंटाळवाणे फोटो निघतात. जागा कमी म्हणून लोक १६ मिमी लावून नाकाशी उभे राहतात. नाक फुगतं, शेपूट आक्रसते आणि विमानाचं प्रमाण बिघडतं. नॅट हे लढाऊ विमान जेमतेम ९ मीटर लांब आहे. त्याचं छोटेपण हीच त्याची ओळख, आणि जवळून घेतलेली वाइड लेन्स नेमकी तीच पुसते. होईल तितकं मागे सरका आणि फुलफ्रेमवर ३५ ते ५० मिमी वापरा. वाइड लागलीच तर कॅमेरा अगदी समतळ धरा. पालमला बाहेर उभं असलेलं लिबरेटर हे बॉम्बफेकी विमान साडेतेहतीस मीटर पंखांचं. त्याला मात्र दोन-तीन फोटो जोडूनच न्याय मिळतो.

नाकापासून शेपटीपर्यंत सगळं रेखीव हवं असेल तर फुलफ्रेमवर २४ मिमी, एफ/८ ठेवून २.४ मीटरवर फोकस करा, १.२ मीटरपासून पुढचं सगळं चालून जातं. ३५ मिमीला हेच अंतर ५.१ मीटर, आणि रेखीवपणा अडीच मीटरपासून सुरू. ट्रायपॉड बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत. कठड्यावर कोपर टेकवा, श्वास सोडून बटण दाबा.

हॉलमधले दिवे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/२०० च्या पुढे गेलं की फोटोत आडवे पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० वर राहा. फ्लॅश नको: धातूच्या पत्र्यावर पांढरा डाग पडतो आणि रंगाचा पोत नाहीसा होतो. खिडकीतलं ऊन आणि आतले दिवे यांच्या रंगांत फरक असतो, म्हणून रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि सुरुवातीला एका राखाडी कार्डाचा फोटो घ्या. कॉकपिटच्या काचेतून काढताना लेन्सचं रबरी हूड काचेला हलकं टेकवा आणि भोवती काळं कापड धरा. लेन्सची धातूची कड टेकवली तर प्लास्टिकवर ओरखडा उठतो आणि तो कायमचा राहतो. परवानगी विचारूनच टेकवा.

संपूर्ण विमानाचा फोटो झाला की फिरून शेपटीवरचा क्रमांक, दारांवरच्या सूचना, चाकांची खोबण, बंदुकीची तोंडं, रिव्हेट उखडलेली जागा, आणि सापडली तर कारखान्याची पट्टी, हे सगळं सरळ समोरून काढा. इतिहासाच्या अभ्यासकाला आणि मॉडेल बनवणाऱ्याला हेच हवं असतं, आणि पुढच्या रंगकामात हेच आधी झाकलं जातं. शेपटीवरच्या क्रमांकावर एकट्यावर विसंबू नका. 'परशुराम'वरचा व्हीपी ९०५ हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या डाकोटाच्या स्मरणार्थ दिलेला आहे. ते विमान वेगळं, हे वेगळं. खरी ओळख कारखान्याच्या पट्टीत असते.

नियम आणि पिशवी

लष्करी विमानतळाचे फोटो परवानगीशिवाय काढणं गुन्हा ठरू शकतं. एअर शोची परवानगी म्हणजे जे दाखवायला ठेवलंय त्याची परवानगी. हँगर, रडार, पहारा, इंधनाच्या टाक्या चौकटीत घेऊ नका. ड्रोन तर सोनेगाव विमानतळ आणि वायुसेनेच्या परिसराजवळ आणूच नका. मोठ्या लेन्स, पिशव्या, शिड्या नेता येतात का हे प्रत्येक वेळी प्रवेशाच्या सूचनेत वाचा. फाटकावर अडवलं तर लेन्स ठेवायला जागा नसते.

रॉ फाइल २५ ते ३० एमबीची धरली आणि सेकंदाला १० फोटो, तर १२८ जीबीचं कार्ड सलग बटण दाबून सात-आठ मिनिटांत भरतं. दोन कार्डं, दोन बॅटऱ्या, लेन्स पुसायचं कापड, पाणी, टोपी. जेट जवळून गेलं की कानांना इजा होऊ शकते. फोमचे बोळे स्वतःला घाला आणि मुलांना आधी घाला.

घरी आल्यावर त्याच दिवशी फाइलमध्ये विमानाचा प्रकार, क्रमांक, जागा आणि तारीख भरा. संग्रहालयात प्रत्येक विमानाची सुरुवात त्याच्या माहितीफलकाच्या फोटोने केली असेल, तर हे काम अर्ध्या तासात होतं.